तीन दिवस आम्ही गप्प बसलो

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं थोडी नीट लावली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून एसटीत बसला असाल, किंवा गोठ्यात मोबाईल खुंटीला अडकवून ऐकत असाल, दोघांचंही स्वागत.

आजचा भाग थोडा वेगळा आहे. आज मी भूममधून, म्हणजे आमच्या घरातूनच बोलतेय. मागं मधूनच गाय हंबरली तर समजून घ्या.

विषय आहे जनावरांच्या साथीचा. बाहेरून एखादा रोग येतो, आपल्या भागात तो कधी नव्हता, औषध नाही, आणि पंधरा दिवसांत अख्खा तालुका हादरतो. अशा वेळी नेमकं काय करायचं असतं? सरकार काय करतं, आणि आपण काय करायला पाहिजे? 2022 ची लम्पीची साथ तुम्हाला आठवत असेलच. त्या साथीत आमच्या घरी जे झालं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्याआधी आप्पांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "सांग. पर सगळं सांग, अर्धं नगं."

तर सगळंच सांगते.

ऑक्टोबर 2022. दसरा नुकताच झाला होता. तेव्हा आपला जिल्हा कागदोपत्री उस्मानाबादच होता. मी बारावीला होते. गुरुवारी संध्याकाळी आई आमच्या चंद्रीची धार काढायला बसली आणि तिनं हाक मारली, "आगं, बॅटरी आन जरा." मी मोबाईलचा टॉर्च धरला. चंद्रीच्या मानेवर आणि पुढच्या फऱ्यावर सात-आठ गाठी. सुपारीएवढ्या, घट्ट. अंगाला हात लावला तर तापलेली. डोळ्यांतून पाणी.

लम्पी काय असतं ते आम्हाला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, मोबाईलवर दुसरं काही येतच नव्हतं. तरी आप्पा म्हणाले, "गोमाशी चावली आसंल. उद्या बघू."

का म्हणाले असतील? भूम तालुक्यातल्या लोकांना हे सांगावं लागणार नाही. आपल्याकडं पाऊस कमी, जमीन बालाघाटाची, मुरमाड. घर चालतं ते दुधावर. दूध खव्याच्या भट्टीवर जातं आणि खवा लांबलांबच्या शहरांत. कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते याच दुधाचं. आता विचार करा, गल्लीत बातमी पसरली की यांच्या गाईला लम्पी झालाय, तर उद्या भट्टीवाला दूध घेईल का? आणि आमचंच कशाला, वस्तीवरचं कुणाचंच घेणार नाही. मग वस्ती कुणाला बोल लावणार? ज्यानं आधी तोंड उघडलं त्याला.

म्हणून आम्ही गप्प बसलो. शुक्रवार गेला, शनिवार गेला. गाठी वाढल्या, पायाला सूज आली. रविवारी सकाळी आईनंच आप्पांना सांगितलं, "आता बास." मी फोन लावला. सरकारी डॉक्टर आले, गाय बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून आहे?"

आप्पा म्हणाले, "कालच दिसलं साहेब."

मी शेजारी उभी होते. मला गुरुवार माहीत होता. मी काही बोलले नाही.

त्या वेळी मला वाटलं, एक-दोन दिवसांनी काय फरक पडतो? गाय तर सापडली ना! तो प्रश्न किती महत्त्वाचा होता हे मला नंतर कळलं. तेच आज तुम्हाला सांगायचंय.

आधी हा रोग समजून घेऊ. लम्पी हा देवीच्या जातीतल्या एका विषाणूचा रोग आहे. तो गाई-बैलांना होतो, म्हशींना कमी प्रमाणात. शेळ्या-मेंढ्यांना होत नाही आणि माणसाला तर अजिबात होत नाही. पहिल्यांदा तो दिसला आफ्रिकेतल्या झांबियात, 1929 मध्ये. कित्येक वर्षं तो आफ्रिकेतच होता. मग मध्यपूर्वेत आला, पुढं सरकत सरकत 2019 मध्ये भारतात, ओडिशात सापडला. 2020 मध्ये आपल्या गडचिरोलीत. 2022 मध्ये गुजरात आणि राजस्थानात त्यानं हाहाकार केला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला तो दिसला. तिथून दोन महिन्यांत आमच्या गोठ्यात.

एवढा प्रवास कसा करतो? जनावराला चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड त्याला नेतात. पण माशी काही जळगावहून भूमला उडत येत नाही. लांबचा प्रवास होतो टेम्पोतून, बाजारातून, म्हणजे माणसांमुळं. गावात पोचला की मग पुढचं काम माश्या करतात.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट. विषाणू अंगात गेल्यावर गाठी लगेच दिसत नाहीत. चार दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. म्हणजे आज जी गाय ठणठणीत दिसतेय, तिच्या अंगात तो असूही शकतो.

आता सरकारी यंत्रणा काय करते ते बघा. यासाठी आपल्या देशात 2009 चा एक कायदा आहे, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा. त्यात पहिली जबाबदारी कुणावर टाकलीय माहितीये? डॉक्टरवर नाही, कलेक्टरवर नाही. जनावराच्या मालकावर. संशय आला की त्यानं गावातल्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं. तिथून पुढं डॉक्टर, नमुने, प्रयोगशाळा. पण गाडी सुरू होते ती गोठ्यातूनच.

एकदा खबर मिळाली की एक गोल आखतात. लम्पीच्या वेळी बाधित गावापासून पाच किलोमीटरच्या आतल्या जनावरांना आधी लस द्यायची, असं ठरलं होतं. सप्टेंबर 2022 मध्ये सरकारनं अख्खं राज्यच नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. गुरांचे बाजार बंद, वाहतूक बंद, प्रदर्शनं बंद. महाराष्ट्रात गाई-बैल किती आहेत? 2019 च्या पशुगणनेप्रमाणं सुमारे 1 कोटी 40 लाख. एवढ्या सगळ्यांना लस टोचायची!

लस कुठली? शेळ्यांच्या देवीची, जिला गोट पॉक्स म्हणतात ती. दोन्ही विषाणू भाऊ-भाऊ, त्यामुळं एकाची लस दुसऱ्यालाही अडवते. पण लस टोचल्यावर अंगात ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात.

इथं जरा थांबा, कारण गावोगावी झालेला मोठा गैरसमज इथंच आहे. समजा तुमच्या गाईच्या अंगात विषाणू सोमवारी शिरला. बुधवारी लस टोचली. पुढच्या आठवड्यात गाठी आल्या. गावात काय चर्चा होते? "लस दिली आन लम्पी झाला!" आणि बाकीचे दहा जण लसवाल्याला गोठ्यात येऊ देत नाहीत. खरं तर लसीनं काही बिघडवलेलं नसतं, ती उशिरा पोचलेली असते. आणि ती उशिरा का पोचली? कारण शेजारच्या गोठ्यातली खबर उशिरा पोचली.

आता डॉक्टरांच्या त्या प्रश्नाकडं या. "कधीपासून आहे?" त्या उत्तरावरून ते ठरवत असतात की आजारी गाय कुठं कुठं चरली, कुठल्या हौदावर पाणी प्यायली, कुणाच्या जनावरांजवळ होती, आणि त्याप्रमाणं आधी कुणाकडं जायचं. आप्पांनी "काल" म्हणल्यामुळं त्यांनी एका दिवसाचा हिशोब केला. चंद्री तोवर तीन दिवस तात्यांच्या जनावरांबरोबर एकाच हौदावर पाणी पीत होती.

तात्या म्हणजे आमचे चुलते. त्यांचा गोठा आणि आमचा गोठा यांच्यात एक कुडाची भिंत. माश्यांना भिंत काय कळणार?

अकरा दिवसांनी तात्यांच्या बैलाला ताप आला. हौशा त्याचं नाव.

पुढं सांगते. त्याआधी दोन जुन्या गोष्टी, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की हे फक्त आमच्या भूममध्येच होतं.

पहिली आपल्याच राज्यातली. फेब्रुवारी 2006, नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो तिथल्या पोल्ट्रीत. तीन किलोमीटरच्या आतली सगळी कोंबडी मारायचं ठरलं. लाखो पक्षी मारून पुरले. देशभर चिकन-अंड्यांचे भाव कोसळले. ज्यांच्या कोंबड्या निरोगी होत्या तेसुद्धा बुडाले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत, घरच्या परसातल्या कोंबड्यांत तो परत निघाला. आता अशा वेळी परसात दोन कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर एखादी बाई कळवेल का? ती विचार करेल, कळवलं तर बाकीच्या वीससुद्धा जातील. तिला नुसतं अडाणी म्हणून भागत नाही. तिचा हिशोब तिच्यापुरता बरोबर असतो.

दुसरी गोष्ट इंग्लंडची, 2001 मधली. शिकलेले शेतकरी, गावागावात डॉक्टर, सगळ्या सोयी. तिथं एका वराहपालकाच्या डुकरांना लाळ्या-खुरकूत झाला आणि त्यानं कळवलं नाही. पुढं कोर्टानं त्याला त्याबद्दल दोषी धरलं. फेब्रुवारीत दूरच्या एका कत्तलखान्यात रोग पकडला गेला, तोवर मेंढ्या बाजारांतून देशभर गेल्या होत्या आणि पन्नासहून जास्त ठिकाणी रोग आधीच पोचला होता. शेवटी 60 लाखांपेक्षा जास्त जनावरं मारावी लागली.

म्हणजे गप्प बसणं ही काही आपल्या खेड्याचीच सवय नाही. जिथं बोलणाऱ्याचं नुकसान होतं तिथं माणसं गप्प बसतात.

मग आपल्याकडं बोलणाऱ्याचं नुकसान भरून निघतं का? लम्पीत सरकारनं मदत जाहीर केली होती. गाय दगावली तर 30,000 रुपये, बैलाला 25,000, वासराला 16,000. चांगली गोष्ट आहे, अनेकांना आधार झाला. पण नीट ऐका, ही मदत जनावर मेल्यावरची. गाय जगली, दूध मात्र निम्म्यावर आलं, त्याचं काय? भट्टीवाल्यानं आठ दिवस दूध नाकारलं, त्याचं काय? बाजार बंद म्हणून कालवड विकता आली नाही आणि फीचे पैसे अडले, त्याचं काय? त्याला कुठलाच फॉर्म नाही. माझं स्पष्ट मत आहे की वेळेत कळवणाऱ्याला, जनावर जगलं तरी, काहीतरी मिळालं पाहिजे. लवकर आलेला एक फोन सरकारचे पुढचे किती पैसे वाचवतो, याचा हिशोब करायला काय हरकत आहे?

पण सरकारचं सरकार बघेल. निम्मं नुकसान तर आपणच करतो, गावातली माणसं आणि गावातले मोबाईल! त्या दोन महिन्यांत आमच्या ग्रुपवर काय काय आलं आठवतंय? लम्पीच्या गाईचं दूध प्यायलं की माणसाला गाठी येतात. खवा खाऊ नका. आणि खाली कुठल्या तरी भलत्याच रोगाच्या माणसाचा फोटो. अहो, लम्पी माणसाला होतच नाही. दूध उकळून प्यायचं, जे आपण एरवीही करतो. आणि खवा? पाच लिटर दूध आटवून आटवून किलोभर खवा होतो. त्या कढईत कुठला विषाणू टिकेल? पण मेसेज फॉरवर्ड झाला, दुधाची मागणी घटली आणि ज्याच्या गोठ्यात गाठ दिसली तो आणखी घट्ट गप्प बसला. म्हणजे आपण एक खोटा मेसेज पुढं ढकलला की कुठंतरी एक खरा फोन लागायचा राहतो.

"एवढं करून रोग जातो का?" असं कुणी विचारेल. जातो. बुळकांडी हे नाव तुमच्या आजीला विचारा. गुरांचा सगळ्यात भयंकर रोग, गोठेच्या गोठे रिकामे करायचा. त्याच्यासाठीच इंग्रजांनी 1889 मध्ये पुण्यात एक प्रयोगशाळा काढली, ती पुढं उत्तराखंडात मुक्तेश्वरला गेली आणि आज ती देशाची सगळ्यात मोठी पशुवैद्यक संशोधन संस्था आहे. शंभर वर्षं लढाई चालली. लस तर लागलीच, पण शेवटच्या टप्प्यात लसीपेक्षा शोध महत्त्वाचा ठरला. गावोगाव फिरून लोकांना विचारायचं, असं जनावर दिसलं का? भारतात बुळकांडीची शेवटची नोंद 1995 ची. 2006 मध्ये देश मुक्त जाहीर झाला आणि 2011 मध्ये अख्खं जग. माणसाच्या देवीनंतर जगातून कायमचा गेलेला हा दुसराच रोग. आता त्याच कुळातला शेळ्यांचा पीपीआर 2030 पर्यंत घालवायचं जगानं ठरवलंय. आपली उस्मानाबादी शेळी देशभर प्रसिद्ध, त्यामुळं ती लढाईसुद्धा आपल्या दारातच आहे.

आता कामाचं बोलू. तुमच्या हातात मोबाईल आहे, घरात जनावरं आहेत. काय करायचं? लिहून घ्या, नाहीतर स्क्रीनशॉट काढा.

एक. जनावर खात नाही, ताप आहे, अंगावर गाठ आहे, तोंडातून लाळ गळतेय, किंवा एकाच वेळी दोन-तीन जनावरं मलूल झालीत, तर उद्यावर ढकलू नका. 1962 हा टोल फ्री नंबर आहे, नाहीतर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. खात्री नसली तरी करा. लम्पी नसेल तर चांगलंच की!

दोन. फोटो काढा. पहिला फोटो पहिल्या दिवशीच. फोटोवर तारीख राहते आणि तारीख खोटं बोलत नाही. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबरही फोटोत घ्या. नुकसानभरपाईला तो लागतो. हे फोटो डॉक्टरला पाठवायचे, गावच्या ग्रुपवर नाही.

तीन. ते जनावर वेगळं बांधा. त्याचा चारा-पाणी वेगळं. आधी निरोगी जनावरांचं काम उरकायचं, आजारी सगळ्यात शेवटी. हात धुवायचे.

चार. जनावर हलवू नका. विकू नका, पाहुण्यांकडं पाठवू नका, बाजारात तर नाहीच. तसंच साथ चालू असताना बाजारातून स्वस्तात मिळतंय म्हणून नवीन जनावर आणू नका.

पाच. माश्या आणि गोचीड. गोठ्यातलं शेण-मूत रोज काढा, डबकी बुजवा, धूर करा, फवारणी डॉक्टरांना विचारून. आणि इंजेक्शन द्यायला कुणीही आलं तरी प्रत्येक जनावराला नवी सुई. तेवढा आग्रह धराच.

सहा. लस साथ यायच्या आधी. तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका. आपण रिचार्जची तारीख विसरत नाही, मग ही कशी विसरू?

सात. जनावर दगावलं तर ओढ्यात, माळावर टाकू नका. खोल खड्डा, आठ फुटांपर्यंत, वर चुना. त्याआधी डॉक्टरांना बोलवून पंचनामा.

आणि आठवं, हे माझं स्वतःचं. डॉक्टरांनी "कधीपासून" विचारलं तर खरा दिवस सांगा. घरातल्या मोठ्यांनी चुकीचा सांगितला तर तुम्ही सांगा. उद्धटपणा होत नाही तो. मी त्या दिवशी "आप्पा, गुरुवारी दिसलं होतं ना?" एवढंच म्हणाले असते तरी चाललं असतं.

चंद्री वाचली. महिनाभरानं खायला लागली, दूध मात्र पहिल्यासारखं कधी आलं नाही. हौशा वाचला नाही. पाय सुजून खाली बसला तो उठलाच नाही. दिवाळीनंतर गेला. तात्यांनी त्याला वासरू असल्यापासून वाढवला होता. रब्बीच्या पेरणीला त्यांनी दुसऱ्याचा बैल मागून आणला.

आमच्यामुळंच झालं का? खरं सांगायचं तर ते कुणीच सिद्ध करू शकणार नाही. तेव्हा सगळीकडंच साथ होती, माशी कुठूनही आली असेल. पण गुरुवारी रात्री फोन केला असता तर तात्यांनी त्याच रात्री हौशाला मळ्यात नेऊन बांधला असता. त्यांच्याकडं जागा होती. त्यांना फक्त माहीत नव्हतं.

मागच्या आठवड्यात मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला म्हायती होतं गं. गुरवारी राती तुज्या आईच्या हातात मोबाईलचा उजेड बघितला हुता. म्या बी इचारलं न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, "इचारलं आसतं तर आमचं बी दूध बंद झालं आसतं."

म्हणजे कुडाच्या दोन्ही बाजूंना माणसं जागी होती, आणि दोन्हीकडं तीच भीती.

तर मंडळी, एकच काम करा. आज रात्री जेवताना घरात एवढं ठरवून टाका की आपल्या गोठ्यात काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा आणि शेजाऱ्यालाही सांगायचं. आणि शेजाऱ्यानं येऊन सांगितलं तर त्याचं दूध बंद करायचं नाही, त्याला चहा द्यायचा. साथ आल्यावर हे ठरवायला गेलात तर जमत नाही, आमचं जमलं नाही.

1962 सेव्ह केलात का? करा बरं आधी, मग पुढचा भाग लावा.

भेटूया. काळजी घ्या, स्वतःची आणि दावणीची.